मागे रांग होती

(मंचाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "दुकानातली भाषा." पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे मराठी पाट्यांबद्दल बोलणार का?" मी म्हटलं, त्याबद्दलही बोलेन, पण शेवटी. सकाळपासून आपण इथे बऱ्याच मोठ्या विषयांवर ऐकलं. त्या मानाने खायचा सोडा, कोथिंबीर आणि तापाच्या गोळ्या म्हणजे फारच किरकोळ मामला वाटेल. पण परक्या देशात माणसाला आपली किंमत कळते ती बहुतेक वेळा काउंटरवरच, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत झालं आहे. तेच आज आपल्यापुढे मांडते.

१९९६ साली मी न्यू जर्सीत आले. पहिल्याच आठवड्यात भजी करायची ठरली आणि घरात खायचा सोडा नव्हता. जवळच्या सुपरमार्केटमध्ये गेले आणि तिथल्या मुलाला विचारलं, "सोडा कुठे आहे?" तो अगदी आनंदाने मला कोकाकोलाच्या आइलमध्ये घेऊन गेला. मी म्हटलं, "हा नाही, खायचा सोडा." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसला, मीही हसले. अमेरिकेत त्याला 'बेकिंग सोडा' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून दोन लिटरची पेप्सीची बाटली विकत घेऊन घरी आले. भजी सोड्याविनाच झाली. ही गोष्ट मी अनेक पार्ट्यांमध्ये सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. 'लाज वाटली म्हणून' हे शब्द मात्र मी तेव्हा गाळत असे.

१९९९ मध्ये ग्रीन कार्ड आलं. तोवर एच-४ वर असल्याने काम करता येत नव्हतं. कार्ड हातात पडल्यावर मी ऑफिसच्या सामानाच्या एका दुकानात कॅश रजिस्टरवर लागले. मी कोल्हापूरहून इंग्रजी घेऊन एम. ए. केलेलं. शेक्सपिअर शिकलेल्या बाईला पहिल्या आठवड्यातच कळलं की 'ड्रॉइंग पिन' इथे कोणालाच ठाऊक नाही, तिला 'थंबटॅक' म्हणतात. सेलोटेपला 'स्कॉच टेप', आणि खोडरबराला नुसतं 'रबर' तर चुकूनही म्हणायचं नाही!

एक दिवस एका बाईंनी मला थंबटॅक मागितले. तो शब्द तोवर मी ऐकलाच नव्हता. मी दोनदा "पार्डन?" म्हटलं. तिसऱ्यांदा त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या डोक्यावरून मागे पाहत म्हणाल्या, "इथे इंग्रजी येणारं कुणी आहे का?"

माझ्याबरोबर काम करणारी एक वयस्कर काळी बाई होती. ती शांतपणे आली, त्या बाईंना शेल्फपाशी घेऊन गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "शब्द कळला नाही तर 'पार्डन' नको म्हणूस. 'ते दिसतं कसं?' असं विचार. मग त्यांना सांगावंच लागतं." माझ्या एम. ए.च्या दोन वर्षांत इतका उपयोगी धडा मला कुणी दिला नव्हता. 'पार्डन' म्हटलं की चूक माझी ठरते. 'ते दिसतं कसं' म्हटलं की ते काम दोघांचं होतं.

पुढे या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं की या देशात काउंटरवरच्या भाषेवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या हद्दीला लागून ब्राउन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या लाकूडसामानाच्या दुकानात हेक्टर गार्सिया नावाचा विक्रेता होता. दुकानाचा नियम असा : स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी स्पॅनिश बोला, पण आपापसात बोलू नका. १९७५ साली गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या एका वस्तूबद्दल सहकाऱ्याने विचारलं आणि गार्सियाने ती नसल्याचं स्पॅनिशमध्ये सांगितलं. मालकांपैकी एकाने ते ऐकलं आणि गार्सियाची नोकरी गेली. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. १९८० मध्ये निकाल लागला तो त्याच्या विरुद्ध. कोर्टाचं म्हणणं, त्याला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे कोणती बोलायची ते त्याच्या हातात होतं, म्हणून हा भेदभाव नाही. म्हणजे पाहा, त्याची भाषा गल्ला भरायला चालत होती. शेजारच्या माणसाशी बोलायला चालत नव्हती! त्याच वर्षअखेर समान रोजगार संधी आयोगाने नियमावली काढली, की सरसकट 'फक्त इंग्रजी' असा नियम हा भेदभावच आहे असं आयोग धरून चालेल. काही ठरावीक वेळीच तो लावायचा असेल तर मालकाने धंद्याची गरज दाखवावी. सगळ्या कोर्टांनी ती मानली असं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्याच शहरातलं. फिलाडेल्फियात चीजस्टेकचं एक प्रसिद्ध दुकान आहे, जीनोज. त्याच्या खिडकीवरची पाटी २००६ साली देशभर गाजली : ही अमेरिका आहे, ऑर्डर देताना इंग्रजीत बोला. दुकानाचे मालक स्वतः इटालियन स्थलांतरितांचे नातू. शहराच्या मानवी संबंध आयोगापुढे तक्रार आली आणि २००८ मध्ये दोन विरुद्ध एक मताने पाटी निर्दोष ठरली. २०१६ मध्ये ती काढली गेली. मालकांचं म्हणणं होतं की आम्ही कुणालाही परत पाठवलेलं नाही. ते खरंही असेल. पण ज्याला ती पाटी वाचून भीती वाटली तो रांगेत उभाच राहिला नसेल, आणि त्याची मोजदाद कुणाकडेच नसते.

आता इथवर सगळं सोपं आहे. आपण बिचारे, ते वाईट. पण मी काउंटरच्या या बाजूला आले तेव्हाची गोष्ट सांगते, आणि ती सांगायला मला फारसं आवडत नाही.

साधारण २०१० ची गोष्ट. एडिसन-आयझलिनकडच्या आपल्या दुकानांमध्ये तुम्ही सगळेच जाता. मालक आपल्यापैकी, भाजी लावणारा मुलगा मेक्सिको, ग्वाटेमाला नाहीतर होन्डुरासहून आलेला. अशाच एका दुकानात कोथिंबीर दिसेना, म्हणून मी तिथल्या मुलाला विचारलं, "कोरिअँडर?" त्याने मान हलवली आणि धन्यांची पूड दाखवली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. माझी चौदा वर्षांची मुलगी बरोबर होती. ती म्हणाली, "आई, त्याला ऐकू येतं गं. ओरडतेस कशाला?" मग तिने त्याला सांगितलं, "सिलांत्रो." शाळेत स्पॅनिश घेतलं होतं तिने. त्याने आतून ताजी जुडी आणून दिली.

मंडळी, गंमत पाहा. अमेरिकेत कोथिंबिरीला सगळेच 'सिलांट्रो' म्हणतात आणि हा शब्दच मुळी स्पॅनिश आहे. इंग्रजीने तो त्या मुलाच्या भाषेतून उचलला. म्हणजे त्या दुकानात त्या भाजीचं खरं अमेरिकन नाव त्यालाच ठाऊक होतं, आणि मी, थंबटॅक न कळल्याने डोळ्यांत पाणी आणणारी बाई, त्याच्यावर ओरडत होते. घरी येताना गाडीत मला त्या जुन्या बाईंची आठवण झाली. त्या मला त्या दिवशी जशा दिसल्या तशीच मी त्या मुलाला दिसले असणार.

यानंतरचा प्रसंग २०१३ च्या हिवाळ्यातला. त्यात मी नव्हतेच, म्हणूनच तो घडला.

माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. वय बहात्तर. ताप आणि अंगदुखी होती. येताना तिने क्रोसिन ६५० च्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या दिवसातून तीनदा घेत होती. मी कामावर. तिला वाटलं, या थंडीला इथलंच काही जोरदार औषध हवं. चालत जाण्याच्या अंतरावर औषधांचं दुकान होतं, तिथे ती एकटी गेली. आईला इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पॅरासिटामॉल?" मुलीला कळेना. कसं कळणार? या देशात त्याला अॅसिटामिनोफेन म्हणतात. टायलेनॉल म्हणजे तेच. आईने कपाळाला हात लावून ताप असल्याचं दाखवलं, खोकून दाखवलं. मुलीने टायलेनॉलची बाटली दिली आणि रात्री घ्यायचं सर्दीचं एक औषध दिलं. आईने विचारलं, "क्रोसिनबरोबर चालेल ना?" मुलीने हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रात्री मी तिच्या उशाशी तिन्ही औषधं एकत्र पाहिली आणि बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. क्रोसिन ६५०, तीनदा : १९५० मिलिग्रॅम. टायलेनॉल ५०० च्या दोन-दोन गोळ्या, तीनदा : ३०००. सर्दीच्या औषधातही तेच, ६५०. दिवसाची बेरीज ५६००. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी त्याच्याही बरंच खाली राहावं. या औषधाचा अतिरेक हे अमेरिकेत अचानक यकृत निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. आई तीच गोळी तीन नावांनी घेत होती.

पॉइझन कंट्रोलला फोन केला. त्यांनी लगेच इमर्जन्सीत न्यायला सांगितलं. रात्रभर तिथे बसलो. रक्ताचे अहवाल सुदैवाने ठीक आले. पहाटे मी चिडून आईला म्हटलं, "अगं, त्या मुलीला कळलं नव्हतं हे तुला दिसलं ना? मग पुन्हा विचारायचंस. फार्मासिस्टला बोलवा म्हणायचंस." आई म्हणाली, "मागे रांग होती."

एवढंच म्हणाली. आणि मला एकदम ती पेप्सीची बाटली आठवली.

त्या मुलीबद्दल आई अजूनही वाईट बोलत नाही. तिचे उच्चारही इथले नव्हते, ती बहुधा नवीनच होती, तिला कसली घाई झाली होती, असं सांगते. मला वाटतं त्या मुलीलाही क्रोसिन म्हणजे काय ते कळलं नव्हतं आणि तिलाही तीच रांग दिसत होती. 'मला कळलं नाही' असं म्हणण्याची सोय दोघींनाही नव्हती. म्हणून एकीने हसून मान डोलावली आणि दुसरीने पैसे दिले.

माझं आजचं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नाही, हे जगात सगळीकडे असतं आणि त्यातून माणसं हातवारे करून, चित्रं काढून मार्ग काढतात. नुकसान होतं ते लाजेमुळे. न कळताच 'हो' म्हटलं जातं, त्यामुळे. आणि ही लाज आपोआप येत नाही. खिडकीतल्या पाट्या, 'इंग्रजी येणारं कुणी आहे का' असं विचारणारी गिऱ्हाइकं, मिनिटाला किती माणसं निपटली हे मोजणारे मॅनेजर आणि कोथिंबिरीसाठी ओरडणाऱ्या बायका, हे सगळे मिळून ती तयार करतात.

तेव्हा 'कळलं नाही' असं म्हणणं सोपं कुणी करायचं? माझ्या मते ज्याच्या हातात जास्त ताकद आहे त्याने. हे नुसतं भाबडं बोलणं नाही, असं झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या स्थलांतरितांनी आणि त्यांच्या संघटनांनी २००७ मध्ये तक्रार केली, की औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना आम्हाला वाचता येत नाहीत. उदाहरणार्थ, इंग्रजीत 'एकदा' या अर्थाचा 'वन्स' आणि स्पॅनिशमध्ये 'अकरा' या अर्थाचा 'ओन्से' यांचं स्पेलिंग एकच आहे! दिवसातून एकदा घ्यायची गोळी अकरा वेळा घेतली तर? राज्याच्या अॅटर्नी जनरलने २००८ आणि २००९ मध्ये मोठ्या साखळी दुकानांशी करार करून दुभाषा आणि भाषांतर देणं त्यांच्यावर बंधनकारक केलं. २००९ मध्ये शहराने कायदा केला, २०१२ मध्ये राज्याने. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून कायदा आहे की मोटारीच्या विक्रीसारख्या व्यवहारात बोलणी स्पॅनिशमध्ये केलीत तर सहीआधी कागदही स्पॅनिशमध्ये द्या. २००४ पासून त्यात चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियन आल्या. तत्त्व अगदी साधं आहे. विकायला ज्याची भाषा चालते, त्याला समजावून सांगायलाही ती चालली पाहिजे.

वारं उलट्या दिशेनेही वाहतं. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा समजाव्यात म्हणून क्लिंटन यांनी २००० मध्ये काढलेला आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला आणि त्याच आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरली. राज्यांचे कायदे त्याने पुसले गेले नाहीत. पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला कायद्याची कलमं माहीत नसतात. त्याला हवा कळते.

आता पाट्यांकडे येते. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला हे मान्य आहे. साताऱ्याहून मुंबईला आलेल्या माझ्या आईला दुकान कशाचं आहे हे तिच्या लिपीत कळलंच पाहिजे. पण २०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोडला एका खाद्यपदार्थांच्या दुकानदाराला मराठी बोलण्यावरून राजकीय कार्यकर्त्यांनी थोबाडीत मारल्या, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि आपल्या इथल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बरं झालं, धडा मिळाला." नाव घेत नाही. पण त्याच गृहस्थांनी काही महिन्यांपूर्वी, त्यांच्या वडिलांना इथल्या एका दुकानात "इंग्रजी शिकून या" असं कुणी ऐकवलं म्हणून रागाने भलंमोठं पत्र लिहिलं होतं, आणि आपण सगळ्यांनी त्यांची बाजू घेतली होती.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तिथे आपण भूमिपुत्र आहोत, इथे पाहुणे." मी म्हटलं, हे वाक्य इथला कुणीही तुमच्या वडिलांना ऐकवू शकतो. ते गप्प झाले. माझ्याशी सहमत झाले असं नाही, पण फोन ठेवला नाही. अर्धा तास बोललो.

मराठीसाठी भांडायचं असेल तर जागा भरपूर आहेत. भारतात पाकीटबंद खाण्याच्या वस्तूंवर माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की नियम पुरा होतो, इतर भाषा ऐच्छिक. पुढच्या वेळी गेलात की घरातल्या गोळ्यांच्या पट्टीवर मराठी शोधून पाहा. म्हणजे साताऱ्याच्या औषधाच्या दुकानातही फक्त मराठी वाचणारी बाई, ब्रुकलिनच्या त्या स्पॅनिश बाईइतकीच अडलेली आहे. तिच्यासाठी औषध कंपन्यांशी, बँकांशी, सरकारशी भांडू या. त्यांच्याकडे ताकद आहे आणि पैसाही. गाड्यावरच्या माणसाला मारून तिला एक अक्षरही वाचता येणार नाही.

शेवटी, घरी जाऊन करण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

एक. आई-वडील येतात तेव्हा त्यांच्या औषधांची मूळ नावं दोन्ही देशांतल्या रूपात एका कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. पॅरासिटामॉल म्हणजे अॅसिटामिनोफेन. दम्याचं साल्बुटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. यादी फार्मासिस्टकडून तपासून घ्या. आणि पॉइझन कंट्रोलचा नंबर फ्रिजवर लावा : १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, दुभाषाही मिळतो.

दोन. औषधाच्या दुकानात कॅशियरवर थांबू नका, फार्मासिस्ट मागा. दुभाषाही मागा. मराठी मिळेलच असं नाही, हिंदी मिळू शकते. घरातल्या लहान मुलांना मात्र आजारपणाच्या बाबतीत दुभाषा करू नका. एखादा शब्द चुकला तर ते ओझं त्यांना जन्मभर पुरतं.

तीन. समोरच्याला कळलं नाही तर आवाज वाढवू नका. वेग कमी करा. "ते दिसतं कसं?" हे विचारायला शिका, आणि कुणी विचारलं तर नीट सांगा.

चार. आपल्यापैकी ज्यांची दुकानं आहेत त्यांना हात जोडून विनंती. तुमच्याकडच्या मुलांना भाज्यांची नावं तीन भाषांत लिहून द्या, चित्रासकट. आणि 'मला कळलं नाही' असं म्हटल्याबद्दल कुणालाही बोल लावू नका.

आई २०१६ मध्ये पुन्हा आली होती. एकदा मी तिच्याबरोबर औषधाच्या दुकानात गेले. तिने पाकिटातून कागद काढला, चष्मा लावला आणि एकेक नाव सावकाश वाचून फार्मासिस्टला विचारायला लागली. मागे पाच-सहा माणसं होती. मीच चुळबुळ करायला लागले. म्हटलं, "आई, आटप ना, लोक थांबलेत." ती मागे न बघता म्हणाली, "थांबू देत. त्यांनाही कधीतरी विचारायचं असेल."

कुणीही काही बोललं नाही. सगळे थांबले.